गाव नमुना आणि संगणक प्रतिमान : मराठवाड्यातील भूमिअभिलेखांच्या संदर्भात

‘नमुना’ हा शब्द मराठीने फारसीतून घेतला. ज्या फारसी धातूपासून तो सिद्ध झाला त्याचा अर्थ ‘दाखविणे’ असा आहे. मराठीत ह्या शब्दाला तीन अर्थ प्राप्त झाले. कापडाच्या दुकानात नमुना म्हणजे ठाणाची कल्पना देणारा तुकडा; कारागिराच्या भाषेत नमुना म्हणजे जिच्याबरहुकूम पुढच्या वस्तू घडवावयाच्या ती मूळ वस्तू; आणि महसूल कचेरीत नमुना म्हणजे ठरीव रकाने आखलेला, क्रमांक दिलेला तक्ता. इंग्रजीतील ‘मॉडेल’ ह्या शब्दाचे मूळ लॅटिनमधील ‘लहान माप’ ह्या अर्थाच्या शब्दात आहे. एक शब्द दाखवितो, दुसरा मापतो. संगणक प्रणालींच्या अभ्यासात ज्याला ‘प्रतिमान’ म्हणतात त्याच्याकडून ह्या दोन्ही कामांची अपेक्षा असते. अस्तित्वात असलेली व्यवस्था कशी आहे हे त्याने दाखवावे आणि व्हावयाची प्रणाली कशी असावी ह्याचे माप त्याने घालून द्यावे.

महाराष्ट्रातील जमिनीच्या नोंदी संगणकावर आणण्याचे जे प्रचंड काम गेल्या काही दशकांत झाले त्याचा विचार ह्या दृष्टीने करणे उपयुक्त ठरेल. गाव नमुने हे कोरे तक्ते नव्हते; गावच्या जमिनीचे ते एक विचारपूर्वक रचलेले प्रतिमान होते आणि संगणक प्रणालीला ते आयते लाभले. मात्र ह्या प्रतिमानाचा जो भाग कागदावर कधीच उतरला नव्हता व लिहिणाऱ्यांच्या वहिवाटीत राहत होता, तेथे प्रणाली अडखळली. लातूर जिल्ह्यातील चाकूरसारख्या तालुक्यांत, म्हणजे पूर्वीच्या हैदराबाद संस्थानाच्या मुलुखात, हा अलिखित भाग का वाढला ह्याला इतिहास आहे. तो पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

१. प्रिंगलचे गणित व विंगेटचा तक्ता

प्रतिमान वास्तवाशी किती सूक्ष्मपणे जुळावे, हा प्रश्न दख्खनमध्ये संगणकाच्या शतकाहून अधिक आधी उपस्थित झाला होता. पेशवाईच्या अस्तानंतर मुंबई इलाख्यात सारा ठरविण्याचे काम आर. के. प्रिंगल ह्या अधिकाऱ्याकडे आले. रिकार्डोच्या खंडविषयक सिद्धान्ताचा त्याच्यावर प्रभाव होता. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे एकूण उत्पन्न काढावे, त्यातून लागवडीचा खर्च वजा करावा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे शेकडा ५५ सरकारने घ्यावेत, अशी त्याची पद्धती होती. तर्कदृष्ट्या ती निर्दोष दिसते. तथापि तिला लागणारी प्रत्येक संख्या, म्हणजे पीक, भाव, बैलांचा खर्च, मजुरी, ही हाताखालच्या माणसांनी गावोगाव जमविलेल्या माहितीवर अवलंबून होती. ती माहिती चुकीची व पुष्कळदा लाचलुचपतीने बिघडलेली निघाली. १८३० नंतर इंदापुरात हा आकार लागू झाला आणि थोड्याच वर्षांत जमिनी ओस पडू लागल्या.

१८३५-३६ मध्ये त्याच इंदापुरात गोल्डस्मिड व विंगेट ह्यांनी नव्याने काम सुरू केले. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा शोधच सोडून दिला. मातीचा पोत आणि खोली ह्यांवरून जमिनीचे नऊ वर्ग केले. प्रत्येक वर्गाचे सापेक्ष मोल आण्यांत लिहिले. चुनखडी, उतार, पाणी साचणे यांसारख्या दोषांसाठी खुणा ठरविल्या आणि दर खुणेमागे एक वर्ग उतरविला. तालुक्याची एकूण रक्कम मागील वसुलीचा अनुभव पाहून ठरवावी व ती ह्या सापेक्ष मोलाने शेतांवर वाटून द्यावी, असा त्यांचा क्रम होता. तीस वर्षे आकार बदलावयाचा नाही हेही ठरले. १८४७ च्या संयुक्त अहवालाने ही पद्धती इलाखाभर रूढ झाली.

ह्या दोन प्रयत्नांतील भेद असा, की प्रिंगलच्या प्रतिमानात अधिक वास्तव सामावलेले होते आणि विंगेटच्या प्रतिमानात पडताळता येण्याजोगे वास्तव होते. खड्डा खणून मातीची खोली कोणालाही पाहता येते; निव्वळ उत्पन्न कोणाच्याही डोळ्यांना दिसत नाही. प्रतिमानाची गुणवत्ता त्याने काय गाळले ह्यावरही ठरते, हा धडा येथे प्रथम मिळतो.

२. गाव नमुने : रचना व नियम

विंगेटच्या मोजणीने शेताला क्रमांक व आकार दिला. परंतु त्या शेतावर हक्क कोणाचा, ही नोंद त्यात मुख्य नव्हती. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणीची पद्धती आली व १९१३ मध्ये तिला महसूल कायद्यात स्थान मिळाले. पुढे तिचेच सुधारलेले रूप महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ आणि त्याखालील १९७१ चे नियम ह्यांत आले.

गाव नमुने एकवीस असले तरी संरचनेच्या दृष्टीने पाच महत्त्वाचे आहेत. नमुना एक म्हणजे आकारबंद : कोणत्या भूमापन क्रमांकाचे क्षेत्र व आकार किती. नमुना सहा म्हणजे फेरफारांची नोंदवही : हक्कात कोणता बदल, कोणत्या कारणाने, कोणत्या दिवशी झाला. नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख : आज त्या जमिनीवर कोणाचे नाव आहे. नमुना आठ-अ म्हणजे खातेदारवार नोंद : एका खातेदाराकडे गावात कोणकोणत्या जमिनी आहेत. नमुना बारा म्हणजे पिकांची वर्षवार नोंद. सात व बारा एकाच कागदावर छापले गेल्याने ‘सातबारा’ हा शब्द जन्मास आला.

उदाहरणादाखल चाकूर तालुक्यातील एक गट कल्पावा. त्याचे लागवडीयोग्य क्षेत्र ३ हेक्टर ६० आर आहे व ते सर्व एकाच खातेदाराच्या नावे आहे. त्याने त्यातील १ हेक्टर २० आर दुसऱ्यास विकले. ह्या एका घटनेने आकारबंद बदलत नाही, कारण जमीन तेवढीच आहे. नमुना सहामध्ये एक नवी नोंद येते. नमुना सातमध्ये विकणाऱ्याच्या नावे २ हेक्टर ४० आर राहतात, घेणाऱ्याच्या नावे १ हेक्टर २० आर लागतात, आणि नावाशेजारी फेरफाराचा क्रमांक वर्तुळात लिहिला जातो. नमुना आठ-अ मध्ये दोन्ही खाती बदलतात. बेरीज मात्र पूर्वीप्रमाणे ३ हेक्टर ६० आर हीच राहिली पाहिजे.

येथे प्रतिमानाची सर्व अंगे दिसतात. गट, खाते, खातेदार, फेरफार ह्या वस्तू आहेत. त्यांच्यात संबंध आहेत : एका गटात अनेक खाती असू शकतात व एका खात्यात अनेक गट. दोन अटी आहेत : खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज गटाच्या क्षेत्राइतकी असावी, आणि ज्याला फेरफाराचा आधार नाही असे कोणतेही नाव नमुना सातवर नसावे. शिवाय सात व आठ-अ हे एकाच माहितीकडे दोन बाजूंनी पाहणे आहे, एकदा जमिनीच्या बाजूने व एकदा माणसाच्या बाजूने.

फेरफार नोंदीचा स्वतःचाही क्रम आहे. तलाठी नोंद घेतो. हितसंबंधितांस नोटीस जाते. पंधरा दिवस हरकतीसाठी ठेवले जातात. हरकत न आल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. आल्यास प्रकरण विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाऊन सक्षम अधिकाऱ्यापुढे येते. एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाण्यास कोणती घटना आवश्यक आहे हे अधिनियमाच्या कलम १५० मध्ये सांगितलेले आहे.

३. संगणकशास्त्रातील प्रतिमानविचार

ह्या तक्त्यांना प्रतिमान म्हणणे केवळ आलंकारिक आहे की काय, हे ठरविण्यासाठी संगणकशास्त्रात ही संज्ञा कशी घडली ते पाहिले पाहिजे.

भाषेच्या अभ्यासकास ह्या इतिहासाचा आरंभ ओळखीचा वाटेल. आज्ञावलीच्या भाषेचे व्याकरण मोजक्या नियमांनी पूर्णपणे सांगता यावे, ह्या गरजेतून १९५९-६० मध्ये बॅकस व नाउर ह्यांच्या नावांनी ओळखली जाणारी लेखनपद्धती तयार झाली. १९६७ मध्ये इंगरमन ह्यांनी एका पत्राद्वारे तिचे पाणिनीच्या पद्धतीशी साम्य दाखवून तिला ‘पाणिनी-बॅकस रूप’ म्हणावे असे सुचविले. पाणिनीचे व्याकरण शिष्ट प्रयोगांचे वर्णन करते आणि त्याच नियमांनी साधू रूपे सिद्धही करते. प्रतिमानाकडून संगणकशास्त्राने पुढे जी दुहेरी अपेक्षा ठेवली ती व्याकरणाने फार पूर्वीच पुरी केली होती.

१९६२ मध्ये जर्मनीत कार्ल अॅडम पेट्री ह्यांनी आपल्या प्रबंधात अवस्था व संक्रमणे दाखविणाऱ्या जालांची कल्पना मांडली. १९६८ मध्ये गार्मिश येथील परिषदेत मोठ्या प्रणाली वेळेवर व विश्वासार्ह रीतीने तयार होत नाहीत ह्या अडचणीची उघड चर्चा झाली. आज्ञावली लिहिण्यापूर्वी तिच्या विषयाचे स्वरूप स्वतंत्रपणे मांडले पाहिजे हा विचार त्यानंतर बळावला. १९७० मध्ये कॉड ह्यांनी माहितीची मांडणी संबंधांच्या तक्त्यांत करण्याचा सिद्धान्त दिला. १९७६ मध्ये पीटर चेन ह्यांनी वस्तू व त्यांचे परस्परसंबंध आकृतीने दाखविण्याची पद्धती प्रसिद्ध केली. निरनिराळ्या आकृतिपद्धतींची गर्दी झाल्यावर बूच, रम्बा व जेकबसन ह्यांच्या प्रयत्नांतून एक सामाईक चित्रभाषा निर्माण झाली आणि १९९७ मध्ये ‘युनिफाइड मॉडेलिंग लँग्वेज’ ह्या नावाने ती प्रमाण म्हणून स्वीकारली गेली.

ह्यापुढील पाऊल उचलण्यात पुण्याचा वाटा आहे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने १९८१ मध्ये पुण्यात टाटा संशोधन, विकास व अभिकल्प केंद्र स्थापन केले. व्यवसायाचे नियम एकदा प्रतिमानात मांडावेत व निरनिराळ्या यंत्रव्यवस्थांसाठीची आज्ञावली त्यावरूनच यंत्राने निर्माण करावी, ह्या दिशेने तेथे काम झाले व त्यातून ‘मास्टरक्राफ्ट’ हे साधन पुढे आले. ह्या अनुभवाच्या आधारे विनय कुलकर्णी व श्रीधर रेड्डी ह्यांनी २००३ मध्ये ‘आयईईई सॉफ्टवेअर’ ह्या नियतकालिकात प्रतिमानाधारित विकासात निरनिराळ्या प्रश्नांची फारकत कशी करावी ह्याचे विवेचन केले. व्यवसायाचा नियम व यंत्राची सोय ही दोन वेगळी कारणे आहेत; एक बदलले म्हणून दुसरे पुन्हा लिहावे लागू नये, असा ह्या विचाराचा गाभा होय.

ह्या कसोट्या गाव नमुन्यांस लावल्या असता असे दिसते, की वस्तू, संबंध, अटी व अवस्थाक्रम ही चारही अंगे त्यांत होती. ती आकृतीत मांडलेली नव्हती. अधिनियमाच्या कलमांत व तक्त्यांच्या रकान्यांत होती. म्हणून त्यांना प्रतिमान म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. उणीव होती ती एका गोष्टीची : त्याचे नियम यंत्र वाचणार नव्हते, माणूस वाचणार होता, आणि माणूस न लिहिलेलेही वाचू शकतो.

४. मराठवाड्याची वेगळी वाट

हे न लिहिलेले मराठवाड्यात अधिक का होते? सालारजंगच्या सुधारणांच्या काळात, १८७० च्या दशकात, हैदराबाद संस्थानाने मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी व जमाबंदीचे काम हाती घेतले. १३१७ फसलीत, म्हणजे १९०७-०८ च्या सुमारास, संस्थानाचा जमीन महसूल कायदा झाला. मुंबईकडील आकारबंदाचा अर्धा भाग अशा रीतीने येथे पोहोचला होता. हक्कनोंदणीचा दुसरा अर्धा भाग मात्र फार उशिरा आला. संस्थानातील मुलूख दिवाणी, सर्फ-ए-खास, पायगा व जागिरी ह्यांत वाटलेला होता. सर्वांस लागू होईल अशी एकसारखी नोंद ह्या व्यवस्थेत सोपी नव्हती.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात सामील झाले. १३५८ फसलीच्या विनियमाने हक्कनोंदणीस आधार मिळाला, १९४९ मध्ये जागिरी संपुष्टात आल्या, १९५० मध्ये कूळकायदा आला आणि १९५४-५५ च्या सुमारास खासरा पाहणी झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत अहमदपूर, उदगीर व निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यातून निघून उस्मानाबाद जिल्ह्याबरोबर द्विभाषिक मुंबई राज्यात आले; त्याच पट्ट्यातून पुढे १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा झाला आणि चाकूर हा त्याचा तालुका ठरला.

ह्या क्रमाचा परिणाम असा, की इंदापुरातील एखाद्या जमिनीची फेरफारांची साखळी विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांपर्यंत मागे नेता येते, तर ह्या पट्ट्यात तिचा आरंभ बहुधा शतकाच्या मध्यास होतो. त्यामागे निराळ्या पद्धतीची, निराळ्या भाषेची व निराळ्या सनाची कागदपत्रे आहेत. संस्थानाची प्रशासनभाषा उर्दू होती. उर्दू लिपीत ऱ्हस्व स्वर सामान्यतः लिहिले जात नाहीत; ‘ळ’ व ‘ण’ ह्यांस स्वतंत्र अक्षरे नाहीत. ‘काळे’ व ‘काले’ हा भेद त्या लिपीत राहत नाही. गावच्या तलाठ्यास माणूस ठाऊक असल्याने त्याचा गोंधळ होत नसे. यंत्रास मात्र दोन लेखनांची दोन माणसे दिसतात. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामामुळे २०२३ पासून निजामकालीन कागदपत्रांचा जो शोध चालला, त्यातही ही अडचण ध्यानात घ्यावी लागते. जमीन व सारा ह्यांसाठी आखलेल्या नोंदींना तेथे जातीविषयी प्रश्न विचारला जात होता. ज्या प्रश्नासाठी नमुना आखलेला नसतो त्याचे उत्तर तो अपुरेच देतो.

५. कागदावरून संगणकात

भूमिअभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रपुरस्कृत योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक रीतीने सुरू झाली. त्यांत महाराष्ट्रातील वर्धा होता. २००८ मध्ये राष्ट्रीय भूमिअभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम आला आणि त्याखाली महाराष्ट्रात ‘ई-फेरफार’ प्रणाली उभी राहिली.

आरंभीचा टप्पा जुना उतारा संगणकात उतरविण्याचा होता. दुसरा टप्पा मूलतः भिन्न आहे : उतारा हा फेरफाराचा परिणाम म्हणून निघाला पाहिजे. कागदावर सात व आठ-अ स्वतंत्रपणे लिहिले जात आणि म्हणून त्यांत तफावत पडू शके. संगणकात आठ-अ वेगळा लिहिण्याचे कारण नाही. खात्याच्या बाजूने मांडलेली तीच माहिती म्हणजे आठ-अ. फेरफाराच्या अवस्थाक्रमाचीही तीच गोष्ट. जे पंधरा दिवस पूर्वी अधिकाऱ्याच्या शिस्तीवर होते ते आता प्रणालीच्या रचनेत आले.

अडचण उभी राहिली ती खुणांच्या अर्थाची. जुन्या उताऱ्यावर हक्क संपलेल्या नावास कंस करीत. कंस फिका पडला, अर्धवट राहिला किंवा पुढच्या पानावर उतरला नाही, तर नोंद उतरविणाऱ्याने ते नाव चालू धरले आणि क्षेत्राची बेरीज वाढली. ‘ए.कु.मॅ.’ ही अक्षरे त्याहून महत्त्वाची. ‘एकत्र कुटुंब मॅनेजर’ ह्याचा अर्थ असा, की लिहिलेले नाव एकाचे असले तरी हक्क सर्व भावंडांचा आहे. हा दोन वस्तूंमधील संबंध आहे. तो नावाच्या शेपटासारखा लिहिला गेला, आणि शेपूट गळाले तर कुटुंबाची जमीन एकट्याची दिसू लागते. ‘इतर हक्क’ हा रकाना तर प्रतिमानात न बसलेल्या सर्व गोष्टींचा आश्रय होता. संस्थेचा बोजा, विहिरीतील हिस्सा, कुळाचा हक्क, बहिणीची नोंद हे सर्व तेथे साध्या वाक्यांत लिहिले जाई. वाक्य माणसाला कळते. बोजा फिटला की नाही हे यंत्राला त्या वाक्यावरून कळत नाही.

प्रतिमानाच्या अटींनीच ह्या चुका उघड केल्या, हे येथे आवर्जून नमूद केले पाहिजे. एकूण क्षेत्र व खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज ह्यांचा मेळ न बसणाऱ्या उताऱ्यांच्या याद्या प्रणालीतून निघू लागल्या. त्यांतील पुष्कळ विसंगती कागदावर कित्येक वर्षे निजून होत्या. संगणकाने त्या केवळ जाग्या केल्या. लेखनप्रमादाची दुरुस्ती करण्यास अधिनियमाचे कलम १५५ उपलब्ध होते. परंतु कोणती विसंगती लेखनप्रमाद आणि कोणती हक्काची बाब हे बेरजेवरून ठरत नाही. बेरीज जुळविण्यासाठी वीस आर कोणाच्या नावातून कमी करावयाचे, हा गणिताचा प्रश्न नव्हे. त्या वीस आरांवर कोणाचे पीककर्ज, कोणाची वाटणी, कोणाची नुकसानभरपाई अवलंबून असते.

ह्या दृष्टीने २०१७ चे चावडी वाचन विशेष अर्थपूर्ण ठरते. संगणकीकृत सातबारा गावोगाव मोठ्याने वाचून दाखवावा आणि खातेदारांनी चूक सांगावी, असा तो कार्यक्रम होता. प्रतिमान अटींशी सुसंगत आहे की नाही हे यंत्र सांगू शकते. ते वास्तवाशी जुळते की नाही हे ज्यांचे ते वास्तव आहे त्यांनाच विचारावे लागते. ह्या दोन वेगळ्या परीक्षा आहेत, आणि प्रणालीशास्त्राच्या ग्रंथांतही त्या वेगळ्याच मानल्या जातात. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ‘ई-पीक पाहणी’त शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून छायाचित्रासह पिकाची नोंद करावी अशी व्यवस्था झाली. येथे नमुना बाराचे रकाने फारसे बदललेले नाहीत. नोंदणारा बदलला आहे. जो आजवर प्रतिमानाचा विषय होता तो त्याचा लेखक झाला.

६. निष्कर्ष

प्रतिमान हे प्रणालीच्या आधी येते, आणि पुष्कळदा संगणकतज्ज्ञाच्याही आधी येते. ते शून्यातून रचण्यापेक्षा कायद्याच्या कलमांतून, तक्त्यांच्या रकान्यांतून व लिहिणाऱ्यांच्या खुणांतून शोधून काढणे हे रचनाकाराचे पहिले काम होय. त्यासाठी आकृती काढण्याच्या कौशल्याबरोबर जुने कागद वाचण्याचे कौशल्य लागते. मराठवाड्यात तर उर्दू लिपी, फसली सन आणि मराठी महसुली परिभाषा ह्या तिन्हींचा परिचय लागतो, आणि भाषाशास्त्र व इतिहास ह्या विभागांना येथे करण्याजोगे काम भरपूर आहे.

‘ए.कु.मॅ.’, कंस, वर्तुळातील अंक, ‘इतर हक्क’ ह्यांसारख्या खुणांचा व संज्ञांचा जिल्हावार कोश अशा कामाचा उत्तम आरंभ ठरेल. चाकूर, अहमदपूर, उदगीर ह्या तालुक्यांत जुन्या पद्धतीने दप्तर लिहिलेले निवृत्त तलाठी व मंडळ अधिकारी आहेत तोवरच ह्या खुणांचे अर्थ त्यांच्या तोंडून नोंदवून घेता येतील. प्रिंगलने जे दिसत नव्हते ते मोजावयास घेतले आणि इंदापुरातील शेते ओस पडली. आज जे दप्तरात दिसते आहे ते वाचणारे उरणार नाहीत, अशी वेळ येऊ नये.